चार बोटांचा समास

शुक्रवार, १ फेब्रुवारी

पोचलो. दोन ट्रंका, त्यातली एक नुसती पुस्तकांची, आणि एक घसा, तोही नादुरुस्त. ताई स्टेशनवर घ्यायला आली होती. लांबूनच ओरडली, अरे भोंग्या, किती वाळलास! हे नाव लहानपणी तिनेच ठेवलं होतं, माझ्या आवाजावरून. आवाज गेला, नाव राहिलं.

तीस वर्षं मी सभांमधून बोललो. ज्यांना कोणी बोलू देत नाही त्यांच्या वतीने बोलणं हाच माझा धंदा आणि हाच धर्म. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आता यापुढे कुजबुज, आणि तीही बेताने. म्हणून ही वही. कोणाशी तरी बोलायला हवं ना.

ताईने तिच्या ओळखीने मला नोकरी बघून ठेवली आहे. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात कागदपत्रांची मांडणी करायची. मला जमेल. आमची पत्रकं, पुस्तिका वर्ड प्रोसेसरवर मीच लावत असे. ताई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. भावजी जाऊन सहा वर्षं झाली. घर छोटं, पण नीट. माझी खोली मागच्या बाजूची, खिडकीखाली टेबल. किती तरी वर्षांनी मला स्वतःचं टेबल मिळालं, लहान मुलासारखा आनंद झाला.

ताईने वहीत डोकावून टोमणा मारलाच. म्हणाली, या काठापासून त्या काठापर्यंत लिहितोस, समास म्हणून सोडत नाहीस. भाषणातही श्वास घ्यायला कधी जागा ठेवली नाहीस, म्हणून घसा गेला. मी कुजबुजलो की कागद माणसाच्या शब्दांसाठी असतो, हवा खेळायला नव्हे. हसली.

सोमवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस. तिसरा मजला, चार टेबलं, कपाटाएवढं एक छपाईयंत्र. साहेब बोलायला गोड आणि ऐकायला बहिरे. कान चांगले आहेत त्यांचे; ऐकायचं नसतं, इतकंच.

मुख्य काम 'हयात यादी'चं. ज्या निवृत्तांनी आपण जिवंत आहोत अशी सही दिली, त्यांची नावं अकारविल्हे लावायची. दर सोमवारी अकरा वाजता यादी छापली जाते आणि शहरातल्या बारा औषधखिडक्यांवर जाते. यादीत नाव असेल त्याला आठवड्याची औषधं मिळतात. नाव नसेल तर माणूस समोर उभा असला तरी खिडकीच्या लेखी तो नाही. ताईची रक्तदाबाची गोळीही याच यादीतून येते. पहिल्याच पानावर, विसाव्या ओळीत तिचं नाव आहे. बघून बरं वाटलं.

हे काम बत्तीस वर्षं एकच बाई करत होत्या. गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. हातात कायम प्लॅस्टिकची पट्टी, म्हणून सगळे त्यांना मोजपट्टीबाई म्हणतात. आता त्यांचंही नाव यादीत आलंय, ताईच्या बरोबर वर, एकोणिसाव्या ओळीत. त्यांनी स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. अक्षर ठसठशीत. 'डावीकडे चार बोटं समास. कमी नाही.'

गुरुवार, ७ फेब्रुवारी

तीन दिवस फाइल साफ करतोय. बाईंच्या कामात खोट नाही, पण त्या अधूनमधून सुट्टीवर गेल्यावर ज्यांनी त्यात हात घातला त्यांना देव क्षमा करो, मी करणार नाही. नाव आणि पत्ता एका रेषेत आणायचे म्हणून मध्ये स्पेसबार बडवलेला, कुठे सात वेळा, कुठे अकरा! टॅब नावाची गोष्ट जगात आहे हे या लोकांना कोणी सांगितलंच नाही. नवीन पानावर जायचं तर एंटर, एंटर, एंटर, जणू दार ठोठावतायत. जुन्या फॉन्टमधून आणलेल्या नावांचे रफार उडालेले. माणूस तीस वर्षं नोकरी करतो आणि शेवटी त्याच्या नावावरचा रफार उडून जातो, आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं. मी सभांमधून एक वाक्य शेकडो वेळा बोललो असेन: प्रत्येक नावामागे एक माणूस उभा असतो. हे वाक्य आलं की टाळी ठरलेली.

अक्षरं मुंगीएवढी बारीक. वाचणारे सत्तर-ऐंशीचे. खिडकीसमोर म्हातारी माणसं कागद नाकाला लावून आपलं नाव शोधतात. आणि डावीकडे चार बोटं जागा कोरी! माणसांपेक्षा कोऱ्या जागेला जास्त मान? आज मी तो समास अर्ध्या बोटावर आणला आणि अक्षर मोठं केलं. पानं तेवढीच राहिली. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले की आता मलाही वाचता येतंय.

चिठ्ठी काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

सोमवार, ११ फेब्रुवारी

नवी यादी गेली. एका खिडकीवर मुद्दाम जाऊन उभा राहिलो. एक आजोबा चष्मा न लावताच नाव सापडल्यामुळे खूश होते, शेजारच्याला म्हणत होते की सरकारला बहुतेक मोतीबिंदू झाला, म्हणून अक्षर मोठं केलं. मी न बोलता हसलो. इतका दमलो होतो, पण आत कुठेतरी जुनी टाळी ऐकू आली.

एक गालबोट. पहिल्या पानावर डाव्या कडेला, सतराव्या ओळीवर, एक करडा डाग उमटलाय. लांबट गोल, लाटताना ताणली गेलेली पुरी असावी तसा. बाराच्या बारा प्रतींवर, त्याच जागी. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर चढलाय. यंत्राचा ड्रम खराब असेल.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

टपालात एक मृत्यूचा दाखला आला. सतराव्या क्रमांकाचे गृहस्थ, निवृत्त टपालवाले. झोपेत गेले. ओळ काढून टाकली, खालच्या सगळ्या एकेक वर सरकल्या. वर्ड प्रोसेसरमध्ये ओळ काढायला काही लागत नाही. जागा आपोआप बुजते. कंटाळवाणं काम आहे, पण कोणीतरी करायला हवं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

यंत्रवाला येऊन ड्रम बदलून गेला होता. तरीही डाग आहे. तिथेच. सतराव्या ओळीवर. स्क्रीनवर नाही, छपाईपूर्व दृश्यात नाही, फक्त कागदावर. यंत्रवाल्याने परत येऊन दुसरा एक कागद छापून पाहिला, रजेचा अर्ज. तो स्वच्छ निघाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, मालक, यंत्र नव्हे, यादी खराब आहे तुमची.

भिंग घेऊन पाहिलं. डागात रेषा आहेत. गोल गोल, एकात एक.

अंगठा आहे तो. डाव्या हाताचा. पान हातात धरलं की बोटं मागे जातात आणि अंगठा पुढे येतो, तसा.

मी माझा अंगठा शाईत बुडवून बाजूला उमटवला. जुळत नाही. हा खूप मोठा आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज सकाळी दाखला आला. सतराव्या ओळीतल्या बाई. निवृत्त परिचारिका. पायरीवरून पाय घसरला.

मी सुशिक्षित माणूस आहे. भुताखेतांविरुद्ध मी व्यासपीठावरून किती तास बोललोय याचा हिशेब नाही. दोन घटना म्हणजे नियम नव्हे, हे मीच लोकांना समजावत आलो.

ओळ काढली. खालच्या वर सरकल्या. मग मी बोट ठेवून मोजलं. आता सतराव्या ओळीत मोजपट्टीबाई आहेत. अठराव्या ओळीत ताई.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली. चार बोटं समास परत सोडला, अक्षर परत बारीक केलं, चाचणी म्हणून पहिलं पान छापलं. अंगठा चार बोटं आत आला होता. सतराव्याच ओळीवर.

सतरावी ओळ कोरी ठेवून पाहिली. अंगठा खाली सरकून पुढच्या नावावर. वर एक अख्खं कोरं पान जोडलं. त्यावर काही नाही, पण त्याखालच्या पानावर आहे. कोऱ्या जागेत त्याला रस नाही. बरोबरच आहे. धरायला काहीतरी लागतं.

चाचणीचे कागद सगळे फाडले. ते कुठे गेले नाहीत म्हणून कोणाला काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगतोय.

शनिवार, २३ फेब्रुवारी

मोजपट्टीबाईंकडे गेलो होतो. दोन खोल्या, भिंतीवरच्या फोटोंच्या चौकटी एका रेषेत, सूत धरावं तशा. चहा दिला. मी कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, समास किती केलात? मी म्हणालो, अर्धं बोट. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यांचं म्हणणं असं, की समास म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती धरणाऱ्याची जागा. त्यांना हे त्यांच्या आधीच्या माणसाने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने. आपण त्याची जागा मोकळी सोडली की तो आपली नावं सोडतो. पण एकदा का नावावर बोट टेकलं, की त्याला तिथली सवय लागते, मग कितीही समास सोडा. धरणारा कोण, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, विजेच्या तारेत काय असतं ते विचारत बसतो का आपण? हात लावत नाही, झालं.

मग विचारलं, मी कितव्या ओळीत आहे?

मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही. आज मात्र जमलं नाही. सांगितलं.

त्या म्हणाल्या, आणि नंतर कोण?

सोमवार, २५ फेब्रुवारी

सकाळी नऊला साहेबांकडे गेलो. म्हणालो, एक आठवडा यादी छापू नका. साहेब हसले. म्हणाले, बत्तीस वर्षांत एक सोमवार चुकला नाही. यादी लागली नाही तर चार हजार म्हातारी माणसं गोळीशिवाय बसतील. त्यातली किती पुढच्या सोमवारी सही करायला येतील, तुम्हीच सांगा. त्यांचं चुकीचं नाही. तीस वर्षं मी असल्याच साहेबांशी भांडलो आणि आज पहिल्यांदा साहेब बरोबर होते.

यादी उलटी लावता आली असती. शेवटचं अक्षर वर, ताई तळाला. दोन क्लिकचं काम. पण मग सतराव्या ओळीत दुसरं कोणी येतं. कोणाची तरी ताई.

म्हणून दहा वाजता मी एक नाव रचलं. 'अ'पासून सुरू होणारं, आडनाव कधी कुठे ऐकलं नाही असं, पत्ता मनाने. मोजपट्टीबाईंच्या वर घातलं. सतरावी ओळ.

अकरा वाजता छापलं. अंगठा त्या नावावर बसला. नसलेल्या माणसावर!

घरी जाताना ताईसाठी फुलं घेतली. ती म्हणाली, काय रे, लग्नबिग्न ठरवलंस की काय या वयात?

गुरुवार, २८ फेब्रुवारी

कार्यालयात दोघं आली होती, मुलगा आणि सून, लांबच्या गावाहून. वडील कालच गेले. शेतातल्या विहिरीजवळ बसले होते, बसल्या जागी. कोणीतरी सांगितलं की शहरातल्या कुठल्याशा यादीत त्यांचं नाव लागलंय. त्यांना विचारायचं होतं की हे कसं, बाबा तर कधी कुठल्या नोकरीत नव्हते. नाव तेच. आडनाव तेच. मुलाचा आवाज चढला नाही, तो नुसता गोंधळलेला होता. सून म्हणाली, बाबांना त्यांचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं बघायला आवडलं असतं.

मी त्यांना पाणी दिलं.

प्रत्येक नावामागे एक माणूस उभा असतो. मी टाळी घेत राहिलो. वाक्य खरं होतं.

शुक्रवार, १ मार्च

ते नाव काढलं. बाई परत सतराव्या. ताई अठरावी. जेवलो नाही. ताईने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. म्हणाली, काही झालंय का, भोंग्या? मी मान हलवली. बोललो असतो तर तिने मला दवाखान्यात नेलं असतं, तिथेही एक यादी असतेच.

बाईंना फोन केला. म्हणाल्या की आता काही करू नका. बत्तीस वर्षं समास सांभाळला, आता माझी पाळी. सोमवारी माझं नाव तिथंच राहू द्या, खाडाखोड नको. आणि नीट जेवा.

सोमवार, ४ मार्च. सकाळ

साडेनऊ. शनिवारच्या टपालातला दाखला साहेबांनी आत्ता टेबलावर ठेवला. पाचव्या क्रमांकाचे गृहस्थ. वय ब्याण्णव. साधंसुधं मरण, नातवंडांत. याच्याशी अंगठ्याचा काही संबंध नाही.

ओळ काढली. खालच्या वर सरकल्या.

बाई सोळाव्या. सुटल्या.

ताई सतरावी.

दीड तास आहे. विचार कर. आयुष्यभर लोकांना विचार करा, विचार करा म्हणालास —

ताईचं नाव काढू? हयात यादीतून? म्हणजे तिची गोळी बंद. आणि हयात यादीतून नाव काढणं म्हणजे काय, ते मीच सगळ्यात जास्त जाणतो. ते त्याचंच काम आपल्या हाताने करणं झालं.

माझं नाव तिच्या वर घालू? ती अठरावी होईल. मी जाईन. ओळ निघेल. पुढच्या सोमवारी ती परत सतरावी. मी तिला फक्त एक आठवडा देऊ शकतो. तीस वर्षांच्या भाषणांची किंमत एक आठवडा.

नाही. मांडणीचा माणूस आहेस. मांडणीने सोडव.

तो वरचं पान धरतो. वरच्या पानावर नाव हवं. कोरं चालत नाही. नसलेलं नाव नसतंच —

मुखपृष्ठ.

सोमवार, ४ मार्च. दुपार

केलं. यादीला आता मुखपृष्ठ आहे. वर कार्यालयाचं नाव, खाली तारीख. आणि डावीकडे, मोजून सतराव्या ओळीच्या उंचीवर, ठळक अक्षरात: 'मांडणी', आणि पुढे माझं पूर्ण नाव. दुसरं कोणी नाही. यादी दुसऱ्या पानावर सुरू होते.

हाच साचा म्हणून जतन केला. परवलीचा शब्द घातला, तो कुठेही लिहिला नाही. दर सोमवारी हेच पान वर येईल आणि त्याचा अंगठा दर सोमवारी माझ्याच नावावर बसेल. पहिल्या सोमवारी मी असेन. पुढच्या सोमवारपासून नसेन. माणूस दोनदा मरत नाही. धर बाबा, हवं तितकं घट्ट धर.

अकराला छापलं. बाराच्या बारा प्रती पाहिल्या. अंगठा माझ्या नावावर. आतल्या पानावर ताईचं नाव स्वच्छ. इतकं स्वच्छ, की मी टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ बसलो.

साहेबांना मुखपृष्ठ आवडलं. म्हणाले, शोभा आली. पण तुमचं नाव जरा मोठं नाही का झालं? भाषणाची सवय जात नाही माणसाची.

मंगळवार, ५ मार्च

बरं आहे. नुसता थकवा. बाईंना फोन करून सांगितलं. मग म्हणाल्या, हे मला बत्तीस वर्षांत सुचलं नाही हो. मी म्हणालो, तुम्हाला सुचायची गरज पडली नाही, तुम्ही समास सोडत होतात.

बुधवार, ६ मार्च

सुट्टी घेतली. ताईने खिडकीतून ऊन येईल असं टेबल फिरवून दिलं. वही उघडली तर या पानाच्या डाव्या कडेला करडी सावली. पुसली. जात नाही. रेषा आहेत. गोल गोल.

आजपासून वहीतही समास सोडतो. एक बोट.

दुपार

दोन बोटं. ओळ इथून सुरू करावी लागतेय. शब्द सावलीवर टेकू देत नाही. टेकला की छातीत —

ताई स्वयंपाकघरात गुणगुणतेय. सोमवारी तिची गोळी आणायला तिने स्वतः जायचं, आठवणीने. दुसऱ्या पानावर. सतरावी ओळ. हे तिला सांगायचं —

गुरुवार

चार बोटं. कागद उरला नाही फारसा. ओळीत
तीन-चार शब्द. आयुष्यभर
काठापासून काठापर्यंत —

आता कळतं. वही टेबलावर नाही.
कोणीतरी धरली आहे.
मी लिहितो ते
कोणीतरी वाचतंय —

शेवटचं भाषण. लहान आहे.
ज्याने हे पान धरलंय त्याला विनंती,
डावीकडचा अंगठा
जरा बाहेर —